उजेड धरणारीचा आवाज

आमच्या गावात एका काळात ज्यांची ज्यांची लग्नं झाली, त्या सगळ्यांच्या संसाराला सुरुवात एकाच धुनेवर झालेली आहे. ऑर्गनची धून. पीं-पीं करत चढते, वर जाऊन जरा अडखळते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. नवरी येते तेव्हा तीच, पाहुणे जेवतात तेव्हा तीच, नवरीची आई डोळे पुसते तेव्हाही तीच. शाळेच्या मुख्याध्यापकांच्या निरोपसमारंभाच्या कॅसेटलाही तीच लावलेली. सर पोटतिडकीने भाषण करतायत, ओठ हलतायत, आणि मागे पीं-पीं. ही धून घालणारा माणूस म्हणजे आमचे भावोजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव त्यांना व्हिडिओमास्तर म्हणतं.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. जन्म गेला कानाला हेडफोन लावून. आवाजावरून माणूस ओळखायचा हाच माझा धंदा, आणि त्याची मला थोडी घमेंडही आहे, खोटं कशाला बोलू? नुसत्या 'हॅलो'वरून मी सांगायची, आज या घरात भांडण झालंय. नकलाही करते. आमच्या साहेबांची केली होती, ती साहेबांनी मागे उभं राहून ऐकली, तो वेगळा किस्सा. पण एक नक्कल मला आयुष्यात जमली नाही, आणि नेमकी तीच मागणारी एक पोर घरात होती. माझी भाची, ताईची एकुलती एक मुलगी. मी तिला लहानपणापासून ढमी म्हणते.

"मावशी, आई कशी बोलायची गं? एकदा करून दाखव ना."

ताई गेली तेव्हा ही ढमी नुकती कुठे चालायला लागली होती. साधा ताप म्हणता म्हणता तो डोक्यात गेला, आणि डॉक्टरांनी हात टेकले. फोटो आहेत ताईचे, चांगले आहेत. पण ताई म्हणजे फोटो नव्हे. ताई म्हणजे बोलणं. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की रेडिओ बंद करावा लागायचा, कारण दोघांचं एकत्र ऐकू येत नसे. ते बोलणं मी ढमीला कसं करून दाखवणार? तोंड उघडायची आणि त्यातून माझाच आवाज निघायचा. मग मी उगाच तिच्यावर ओरडायची, अभ्यासाला बस म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, बाप व्हिडिओवाला, मग अडचण काय? दाखवायची की कॅसेट. हाच तर प्रश्न आहे. सगळ्या गावाला टेपवर उतरवणाऱ्या माणसाच्या घरात बायकोचा एक शब्द नाही. कसा नाही, ते सांगते.

भावोजी आधी फोटो स्टुडिओत कामाला होते. गावात पहिला व्हीसीआर आला तेव्हा तो भाड्याने मिळायचा, टीव्हीसकट, हातगाडीवर बसून यायचा. अख्खी गल्ली एका खोलीत कोंबून सिनेमे बघायची आणि सकाळी यंत्र परत. लोक सिनेमे बघत होते तेव्हा भावोजी यंत्राच्या झडपेतून आत बघत होते. हे चित्र फितीवर लिहून घेतं कसं, असा त्यांना किडा चावला. पुढे त्यांनी कॅमेरा आणला. कॅमेरा कसला, संसारच तो. एका खांद्यावर कॅमेरा, दुसऱ्या खांद्याला लोंबकळणारं रेकॉर्डिंगचं यंत्र, मध्ये वायर. आणि या सगळ्याला उजेड लागायचा भरपूर, म्हणून हातात धरायचा हॅलोजनचा दिवा. तो धरायला माणूस हवा. तो माणूस म्हणजे ताई.

ताई कायम कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला उभी असायची. दिवा उंच धरून, हाताला ओलं फडकं गुंडाळून, कारण तो तापायचा भयंकर. गावातल्या कुठल्याही लग्नात ताई होती आणि कुठल्याही कॅसेटमध्ये ताई दिसत नाही. जिच्यामुळे सगळे दिसले ती स्वतः उजेडाच्या मागे.

दिसत नव्हती, पण ऐकू तर येणारच की. कॅमेऱ्याचा माइक कॅमेऱ्यावरच, आणि ही त्याच्या कानाशी. लोकांना तेव्हा फोटोची सवय. कॅमेरा समोर आला की श्वास रोखून पुतळ्यासारखे उभे राहायचे. ताई ओरडायची, "अहो, हला जरा, हा हलणारा फोटो आहे." कुणाच्या तोंडावर सावली आली की "काकू, पुढे या." सगळ्या लग्नाला हीच हाकत असायची. घरी येऊन कॅसेट लावली की भावोजी कपाळाला हात लावायचे. नवरीच्या चेहऱ्यावर ताईचा आवाज, वऱ्हाडाच्या पंगतीवर ताईचा आवाज.

"आवाज म्हणजे कचरा," ते म्हणायचे. "माणसाला चित्र हवं असतं."

आणि गिऱ्हाईकंही तसलीच. "मास्तर, कलकल नको, छान म्युझिक टाका." मग काय, भावोजींनी एक बटण शोधून काढलं. कॅसेटच्या फितीच्या एका काठाने आवाजाची बारीक पट्टी जाते. हे बटण दाबलं की चित्र तसंच राहतं आणि त्या पट्टीवरचा जुना आवाज पुसून नवा बसतो. हौशी गिऱ्हाइकांना ते दोन यंत्रं जोडून वेगळी कॅसेट बनवून द्यायचे, बदामाच्या आकारात नवरा-नवरी वगैरे, आणि मूळ कॅसेट पुढच्या लग्नाला वापरून टाकायचे. ज्यांना तेवढं परवडत नसे त्यांना मूळ कॅसेटवरच म्युझिक टाकून देत. कुठल्याही वाटेने गेलात तरी शेवटी पीं-पीं.

घरचं शूटिंग? ते म्हणजे कॅसेट वाया घालवणं. "करू निवांत," म्हणायचे. निवांतपणा आला तेव्हा ताई नव्हती.

ढमी कॉलेजात गेली तेव्हा एकदा तिने बापाला समोर बसवून विचारलं. भावोजी खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा गुण आणि हाच त्यांचा घात. त्यांनी बटण, पट्टी, सगळं सांगितलं. पोर ऐकत राहिली.

"म्हणजे बाबा, तुम्ही आईला पुसलंत."

त्यानंतर दोघांत भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. जेवलात का, औषध घेतलंत का, एवढंच. ती दातांची डॉक्टर झाली, त्याच रस्त्यावर दवाखाना टाकला, बापाचे दात अजून एकूण एक शाबूत ठेवलेत तिने. तोंडात आरसा घालायचा म्हणजे बापाला बोलता येत नाही, दोघांनाही ते सोयीचं.

मग सीडी आल्या, मग फोन आले, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा. भावोजींचं दुकान बंद पडलं. आम्ही म्हटलं, आता बसतील पेपर वाचत. तर एके दिवशी दुकानाच्या दारावर पाटी: जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून मिळतील. मी म्हटलं, झालं, म्हातारपणी पुन्हा खूळ. लोक माळ्यावरून कॅसेटी काढून आणायला लागले. काहींना बुरशी, पांढरी, भाकरीवर येते तशी. भावोजी त्या उघडायचे, फीत हाताने हळूहळू फिरवत स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचे. म्हणायचे, या फिती आता फार दिवसांच्या सोबती नाहीत, वरचा थर सुटत चाललाय.

त्यात आणखी एक पंचाईत. भावोजींना ऐकू कमी यायला लागलं. कानातलं यंत्र घेतलं तर ते शिट्ट्या मारायचं, म्हणून ते ड्रॉवरमध्ये पडून. एक दिवस मला म्हणाले, "ऑपरेटरबाई, दुपारची येऊन बसत जा. मी चित्र बघतो, तू आवाज ऐक."

"पीं-पीं ऐकायला मला बोलावताय? पेन्शन त्यासाठी देतात का मला?"

पण गेले. घरी बसून तरी काय करणार होते. आणि मला कुतूहल होतं, खरं सांगते. कारण हा माणूस प्रत्येक कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत लावायचा. दुसरं कुणी असतं तर यंत्र चालू करून चहाला गेलं असतं. हे खुर्चीत, पुढे झुकून, परक्यांची लग्नं बघत. चित्र संपून पडद्यावर मुंग्या आल्या तरी उठत नसत. आणि सारखं मला, "काही आलं? म्युझिक थांबलं का कुठे?"

"भावोजी, तुम्ही शोधताय काय एवढं?"

आधी फडक्याने काच पुसत बसले. मग म्हणाले, "कधीकधी म्युझिकची कॅसेट आधी संपायची आणि चित्र पुढे चालू राहायचं. तेवढा तुकडा मी तसाच सोडायचो, कोण बघतंय म्हणून. अशा एखाद्या तुकड्यात ती राहिली असेल."

मी खुर्ची पुढे ओढली. हेडफोन नीट बसवला. त्या दिवसापासून मी एकही दुपार चुकवली नाही, आणि चहासुद्धा जागेवर मागवला.

फार शोधलं. माझ्या कानठळ्या बसल्या त्या ऑर्गनने, झोपेत ऐकू यायचा. एका बारशाच्या कॅसेटच्या अगदी शेपटाला म्युझिक तुटलं, आणि मला स्पष्ट ऐकू आलं: "अहो, वा—" बस्स. भावोजींनी तिथेच कॅमेरा बंद केलेला. ताईच होती. मी ढमीला बोलावून घेतलं. तिने तो तुकडा ऐकला, पुन्हा ऐकला.

"अर्धा शब्द," ती म्हणाली. "मावशी, अर्ध्या शब्दाचं मी काय करू?" आणि पर्स उचलून निघून गेली. भावोजी दाराकडे बघत बसले. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही दया आली, आणि मी तो राग चहावाल्यावर काढला.

त्यानंतर भावोजींच्या दुकानातलं जुनं यंत्र मेलं. एवढी लग्नं पचवून शेवटी धूर सोडला त्याने. नवीन कुठून आणणार, ती बनवणंच बंद झालेलं. भंगारवाल्याला सांगून ठेवलं, त्याने कुणाच्या तरी घरातून उचललेलं एक आणून दिलं. काळं, जड, रिमोट गायब. भावोजींनी ते उघडून झाडलं, तेलपाणी केलं, आणि पहिली हाताला लागेल ती कॅसेट आत सरकवली. ती आमच्या रस्त्यावरच्या टेलरबाईंच्या लग्नाची होती. बाईंनी तेव्हा साधंच काम घेतलं होतं, बदाम-बिदाम नाही, मूळ कॅसेटवर म्युझिक टाकून दिलेली.

चित्र आलं. टेलरबाई अंगाने ही एवढीशी, पुतळ्यासारखी उभी. मी हेडफोन लावला आणि वाट बघितली पीं-पींची. पीं-पीं नाहीच.

खुर्च्या सरकवल्याचा आवाज. कुणीतरी कुणाला तरी "चप्पल कुठेय माझी" विचारतंय. लांब एक मूल रडतंय.

भावोजी यंत्रावरचे आवाजाबरोबर नाचणारे दिवे बघत होते. "आवाज वेगळाच हलतोय. म्युझिक वाचत नाहीये का हे? भंगार ते भंगार." आणि बंद करायला उठले. आपलं म्युझिक गेलं, याचं त्यांना वाईट वाटत होतं, बघा.

"हात लावू नका," मी म्हटलं. इतक्या जोरात म्हटलं की त्यांनासुद्धा ऐकू गेलं.

कारण माइकच्या अगदी जवळ कुणीतरी घसा साफ केला. बारीकसा, दोनदा. ताई बोलायच्या आधी कायम तसा करायची, मोटार सुरू करतात तसा. मी तो घसा जगाच्या पाठीवर कुठेही ओळखेन. आता बोलणार, आता बोलणार, म्हणून मी श्वास रोखला, आणि यंत्राच्या पोटातून कुरकुर आवाज आला. पडदा निळा. यंत्राने फीत खाल्ली.

माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते ऑपरेटरच्या नोकरीत चालले नसते.

भावोजींनी आपल्या जुन्या दोस्ताला बोलावलं. हे रेडिओ दुरुस्त करायचे, आम्ही त्यांना रेडिओकाका म्हणतो. त्यांनी ती चावलेली फीत सोडवली, मी सांगितलेलं ऐकलं, आणि हसायला लागले.

"मास्तर, तुमचा शेवटचा कॅमेरा कुठला होता? तो भारीतला ना? त्यात आवाज दोन ठिकाणी जायचा. एक काठाच्या पट्टीवर. आणि एक चित्राच्या खाली, चित्राबरोबरच विणलेला. हाय-फाय म्हणायचे त्याला. तुम्ही पुसलात तो काठाचा. खालचा पुसायचा तर चित्रच पुसावं लागेल."

"मग इतकी वर्षं म्युझिकच कसं यायचं?"

"तुमचं यंत्र काठाचंच वाचायचं. त्याला खालचं वाचताच येत नव्हतं. याला येतं. खालचा आवाज सापडला की हे काठाकडे बघतसुद्धा नाही."

भावोजींनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "दुकानदार सांगत होता काहीतरी," ते म्हणाले. "मीच म्हटलं, आवाजाचं सोडा हो, चित्र दाखवा."

मग ते बोटांवर न मोजता नुसते डोळे मिटून हिशेब करत राहिले, आणि तो हिशेब मलाही कळत होता. तो कॅमेरा आल्यावर ताई एकच हंगाम होती. त्या हंगामातल्या हौशी लोकांच्या मूळ कॅसेटी पुढच्या लग्नांत पुसल्या गेल्या, आणि त्यांना दिलेल्या कॅसेटी त्याच जुन्या यंत्रावर बनलेल्या, त्यांत खालचा आवाज आलाच नाही. उरली साधं काम घेणारी मंडळी. त्यातल्या कुणाची कॅसेट पुरात गेली, कुणी फेकून दिली, कुणी गाव सोडलं. हातात होती ती ही एक, चावलेली. फीत एका जागी तुटली होती आणि पुढचा भाग चुरगळला होता.

"जोडून चालवू नका," रेडिओकाकांनी बजावलं. "जोड यंत्राच्या, फीत वाचणाऱ्या हेडवरून गेला तर हेड जाईल, मग कॅसेटही गेली आणि यंत्रही गेलं. चुरगळलेलं कापून टाका आणि उरलेली फीत दुसऱ्या कॅसेटच्या रिळाला अडकवा. पण हात हलका पाहिजे, आणि माझा आता हलतो."

भावोजींनी स्वतःचे हात बघितले. तेही हलत होते.

मी दवाखान्यात फोन लावला. "ढमे, चिमटे घेऊन ये. आणि तो डोळ्याला लावायचा भिंगांचा चष्मा."

"कुणाचा दात?"

"बापाची कॅसेट."

फोनवर शांतता. शांतताही मला ओळखता येते. ही फोन आपटायच्या आधीची होती.

"मावशी, मला पुन्हा अर्धा शब्द ऐकायचा नाहीये."

"या वेळी शब्दसुद्धा नाही. नुसता घसा खाकरलाय. पण तो बोलण्याच्या आधीचा आहे, आणि पुढची फीत शिल्लक आहे. तुला यायचं तर ये, नाहीतर मी भाजी चिरायच्या सुरीने कापते."

आली. शेवटचा पेशंट आटोपून, संध्याकाळचं ऊन दुकानात तिरकं आलं होतं तेव्हा. टेलरबाईही आल्या, त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या लग्नाला कात्री कशी लावणार? त्या म्हणाल्या, "कापा की. लाइटवाल्या वहिनींनीच मला त्या दिवशी पाणी पाजलं होतं, बाकी कुणाला सुचलं नाही. बाळ घेऊन आल्या होत्या, त्याला खुर्चीत बसवलेलं." ढमीने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

बापलेक टेबलाच्या दोन बाजूंना बसले. भावोजींनी कॅसेटचे स्क्रू काढले. ढमीने भिंगांचा चष्मा चढवला, चिमट्याने फीत उचलली, बापाने सांगितलं तिथे कापली. "इथे?" "अजून थोडं पुढे. चुरगळलेलं राहायला नको." "जास्त नको, बाबा. नेमकं तिथेच असेल तर?" "मग तू ठरव." तिने ठरवलं आणि कापलं. इतक्या वर्षांत त्यांचं एवढं बोलणं मी ऐकलं नव्हतं. बरीचशी फीत तिने स्पिरिटने पुसली, दात पुसावा तशी, आणि रिळाच्या खाचेत टोक अडकवलं. कापून काढलेला तुकडा भावोजींनी टाकला नाही, खिशात ठेवला.

कॅसेट आत गेली. मी हेडफोन काढून ठेवला आणि स्पीकर चालू केला. हे एकट्याने ऐकायचं नव्हतं.

आधी मुंग्या. मग चित्र थरथरलं आणि बसलं. टेलरबाई पुतळा. हॉलचा गोंगाट. भावोजी पडद्याकडे बघत होते, ढमी स्पीकरकडे, जसं काही त्यातून कुणी बाहेर येणार होतं.

आणि ताई बोलली.

"नवरी, हस गं जरा. तुझंच लग्न आहे, दुसऱ्या कुणाचं नाही."

पडद्यावर टेलरबाई हसल्या. खुर्चीतल्या टेलरबाईंनी तोंडाला पदर लावला. मी टेबलाची कड धरली. तो आवाज इतका तरुण होता. माझी थोरली बहीण माझ्यापेक्षा इतकी लहान असेल, असं माझ्या मनातच कधी आलं नव्हतं.

"अहो, वायर सांभाळा. नाहीतर नवऱ्यामुलाच्या आधी तुम्हीच पडाल पाया."

मग ते मूल रडायला लागलं, आता जवळ, चांगलं भोकाड पसरून. कॅमेरा हलला नाही, उजेड मात्र जरासा हलला आणि पुन्हा जागेवर आला. आणि ताईचा आवाज खाली वळला, हळू झाला.

"थांब गं माझी ढमे. एवढा उजेड धरते, मग घेते तुला."

ढमी हे नाव मी ठेवलंय, असंच पोरीला वाटायचं. मलाही इतक्या वर्षांत तसंच वाटायला लागलं होतं.

कॅमेऱ्यामागून तरुण भावोजी वैतागले. "गप्प बसा ना दोघी. सगळा आवाज येतोय."

"येऊ दे की. टाकालच तुम्ही त्यावर तुमचं ते पीं-पीं."

ती हसली, मोठ्याने, आणि चित्र तुटलं. पुढे जेवणाची पंगत होती, आणि तिथे बहुतेक ताई बाळ घेऊन बाजूला गेली असावी, कारण तिचा आवाज पुन्हा आला नाही. उजेडही कमी होता. फीत संपेपर्यंत आम्ही बसलो. ढमीच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

भावोजींनी पडद्यावर फक्त टेलरबाईंचं लग्न बघितलं होतं. स्पीकरमधलं त्यांना काहीही कळलं नव्हतं. ते आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते.

"होती का?" त्यांनी विचारलं. "काय म्हणाली?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण ढमी उठली. बापाच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसली, त्यांच्या कानाशी तोंड नेलं. आधी तिने घसा साफ केला. बारीकसा, दोनदा. हे ती कायम करते, दवाखान्यातही, पेशंटशी बोलायच्या आधी. मी रोज ऐकत होते आणि माझ्या कानाला कधी कळलं नाही.

"थांब गं माझी ढमे," ती म्हणाली. "एवढा उजेड धरते, मग घेते तुला."

भावोजींनी डोळे मिटले. मी यंत्राकडे हात नेला, मागे फिरवून पुन्हा लावायला, पण त्यांनी मान हलवली. त्यांनी लेकीचा हात धरला होता.

"परत एकदा म्हण," ते म्हणाले.